संबोधन, एकवचन

नाना,

आज माझ्या वॉर्डातल्या एका म्हाताऱ्या इंग्रज बाईंनी सोमवार ते रविवार सगळे वार ओळीनं म्हणून दाखवले. पक्षाघातानं त्यांची वाचा गेलीय. चहा हवा असला तर कपाकडं बघून रडतात, पण 'मंडे' म्हणून सुरुवात करून दिली की आठवडा पुरा करतात. त्यांची मुलगी शेजारी बसली होती. तिनं आईचा हात धरला आणि मला विचारलं, "ती माझ्याशी बोलतेय ना?" या प्रश्नाचं उत्तर मला पाठ आहे. अशा कितीतरी जणांना मी ते समजावून सांगितलंय. आज तोंड उघडलं आणि शब्दच फुटेना. दुसऱ्यांना बोलतं करायचा पगार घेणारी बाई मुकी बसलेली पाहून तुम्ही चार दिवस पुरेल एवढी थट्टा केली असतीत. तुम्हाला जाऊन दहा वर्षं होत आली, म्हणून माझी थट्टा मलाच करून घ्यावी लागते, आणि ती तितकीशी चांगली होत नाही.

तसं पाहिलं तर मला या धंद्याला तुम्हीच लावलंत. गंगाखेडच्या आपल्या स्वयंपाकघरात मी 'षटकोन'ला 'शटकोन' म्हणाले आणि तुम्ही मला ताटावरून उठवलंत. "मूर्धन्य आहे तो, बाई. जीभ वर ने. तुझा ष दातापाशी लोळत पडायलाय." मग स्वतःचा दाढीचा आरसा आणून माझ्या हातात दिलात, जीभ कुठं लागते ते बघायला. आई चुलीपाशी म्हणाली, "पोरीला भाकर तर खाऊ द्या. मूर्धा कुठं पळून चाललाय?" तो आरसा तुम्ही परत घेतला नाहीत. कितीतरी दिवस तुमच्या हनुवटीवर कापल्याच्या खुणा असायच्या आणि संस्कृतच्या वर्गात तुम्ही त्या मांजरावर ढकलायचात.

पुण्याहून स्पीच थेरपीची पदवी घेऊन मी परभणीत बसले, तेव्हा लोक लेकराला पुढं ढकलून म्हणायचे, "मॅडम, जीभ जड हाय, गोळी द्या." गोळी नाही, रोज बसून बोलून घ्यावं लागेल म्हटलं की, "बोलायला काय, घरी बी बोलतोय की." मग इंग्लंडचं निघालं. माझी पदवी मानायच्या आधी तिथल्या मंडळाला माझं इंग्रजी तपासायचं होतं, आणि पहिल्या खेपेला मी नेमकी बोलण्यात नापास झाले. तुम्ही आठवडाभर खूश. "तुला बोलण्यात नापास करणारा माणूस मला एकदा बघायचाय. सत्कार करू त्याचा." दुसऱ्या खेपेला पास झाले. तेव्हा मात्र म्हणालात, "आपण निजामाकडचे. इंग्रज आपल्या वाट्याला आलाच नव्हता. तू आपणहून गाठलास."

तिकडं पहिलं वर्ष दुसऱ्याच्या देखरेखीखाली काढायचं होतं. माझ्यापेक्षा पुष्कळ लहान मुलगी मागं उभी राहून मला काम येतं का ते बघायची. त्यात खंड पडला तर पुन्हा पहिल्यापासून. त्याच वर्षी आईचा फोन आला. "हे बोलंना गेलेत गं. उजवा हात उचलंना. पाणी मागायलेत तर नुसतं प, प करायलेत." मिळाली तेवढी रजा घेऊन मी आले. तुमच्या पुढ्यात चित्रं मांडली: तांब्या, गाय, छत्री. जन्मभर लोकांचे उच्चार सुधारलेल्या माणसासमोर त्याची पोरगी तांब्याचं चित्र धरून "हे काय?" विचारते. तुम्ही डाव्या हातानं सगळं खाली लोटलंत आणि भिंतीकडं तोंड केलंत. मीही तेच केलं असतं.

मग एक दिवस तुमचा जुना विद्यार्थी भेटायला आला, एसटीतला कंडक्टर. "सर, वळखलं का? रामःच्या पुढं न गेलेला मीच तो." आणि हसत हसत "रामः" म्हणाला. "रामौ, रामाः," तुम्ही म्हणालात. मग थांबलाच नाहीत. साती विभक्ती, न अडखळता. रामेषुमधला ष मूर्धन्य, जागच्या जागी. कंडक्टर टोपी हातात घेऊन रडायला लागला. आई ओरडली, "बोलले गं! तुझे नाना बोलले!" आणि मी, शिकलेली मी, म्हणाले, "हे बोलणं नव्हे, आई. पाठ केलेलं मेंदूत वेगळीकडं असतं. सुरुवात करून दिली की गाडी रुळावरून आपोआप जाते. त्यात अर्थ नसतो." आई म्हणाली, "तुझं शास्त्र तुझ्या दवाखान्यात ठेव."

रजा संपली. थांबले असते तर ते वर्ष गेलं असतं. निघाले. रोज दुपारच्या सुट्टीत मी फोन करायचे आणि आई तो तुमच्या कानाला लावायची. 'कसे आहात'ला तुमच्याकडं उत्तर नव्हतं. म्हणून एकदा मी नुसतं म्हटलं, "कन्या." शाळेत तुम्ही सगळ्यांना 'माला' चालवायला लावायचात, पण कन्या मालेसारखीच चालते, आणि मला तीच हवी होती. "कन्ये, कन्याः," तुम्ही म्हणालात. मग रोज आपण दोघं प्रथमेपासून सप्तमीपर्यंत चालत जायचो आणि शेवटी संबोधनाच्या एकवचनापाशी तुमचा दम संपायचा, "हे कन्ये." माझ्यातली तज्ज्ञ म्हणायची, ही हाक नाही, रूळ संपला एवढंच. मी तिला बोलू द्यायचे आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा फोन लावायचे.

शेवटच्या दिवशी फोन लागला तेव्हा माझ्या तोंडात घास होता. मी 'कन्या' म्हणायच्या आत तुमचा आवाज आला. "हे कन्ये." बाकी काही नाही. आई म्हणाली, "दमले गं. उद्या बोल." उद्या आईचाच फोन आला.

नाना, ही गाडी अधल्यामधल्या ठिकाणाहून सुटत नाही. पहिला शब्द कुणीतरी द्यावा लागतो. तो मी दिला नव्हता. म्हणजे त्या दिवशी तुम्ही रूप चालवलं नाहीत, मला हाक मारलीत. नाहीतर मग रोज ऐकून ऐकून आईनंच, फोन लागायच्या आधी, 'कन्या' म्हणून तुम्हाला सुरुवात करून दिली असेल, आणि माझ्या कानावर नुसता शेवट आला असेल.

आई अजून गंगाखेडच्या घरातच असते. काल भाजी कोणती केली ते तिला आठवत नाही, पण तो दिवस लख्ख आठवतो. विचारलं तर एका वाक्यात सांगेल. आजही आमचं बोलणं झालं. गुडघे विचारले, पाऊस विचारला, शेजारणीच्या नातवाचं लग्न विचारलं. तुमचा पत्ता बदललेला नाही, त्यामुळं हे पत्र टाकलं तर बरोबर पोचेल. चष्मा लावून आई ते सावकाश वाचेल आणि मला फोन करून खरं काय ते सांगेल. म्हणून टाकत नाही.