खळ्याभोवती चुना

॥ श्री ॥
मुक्काम तळावर,
२४ ऑक्टोबर १९७१

ती. सौ. शोभावहिनींस,
रंगनाथाचा शि. सा. न. वि. वि.

फराळाचा डबा पोचला. चकल्या वाटेत मोडल्या होत्या, पण चुऱ्यावरही इथे झोंबाझोंबी झाली. करंज्या मात्र मी ट्रंकेत कुलपात ठेवल्या आहेत. दादाला सांगा, हा चिकटपणा मी त्याच्याकडूनच शिकलो. आईच्या डाव्या गुडघ्याला रोज तेल चोळता ना? ती सांगायची नाही, तुम्हीच बघा.

तुम्ही विचारलंत, आम्ही विमानातून वर जाऊन नेमकं करतो तरी काय. मांडीवर नकाशा, हाताशी घड्याळ, समोर होकायंत्र. या दिशेला इतकी मिनिटं जायचं की नदीवरचा पूल लागतो. तिथून वळून इतके सेकंद मोजले की लक्ष्य. हे सगळं झाडांच्या शेंड्यांवरून आणि अशा वेगानं, की दौंडाहून काष्टीला यायला एक मिनिट लागेल. लक्ष्य म्हणजे ओसाड माळावर आखलेलं चुन्याचं मोठं कडं. ते दिसलं की उंच उसळायचं, कलंडायचं आणि त्याच्यावर सूर मारायचा. हल्ला खोटाच असतो. बटण दाबलं की बॉम्ब पडत नाही, कॅमेरा चालतो. मग अंधाऱ्या खोलीत फिल्म लावून साहेब सांगतात, कुणाचा नेम कुठे लागला.

काष्टीवरून कधी जाणार, तर पुढे आठ-दहा दिवसांनी आमचा मार्ग भीमेच्या बाजूनं आहे. पण मला घर दिसेल अशी आशा धरू नका. धाब्याची घरं वरून मातीच्याच रंगाची दिसतात. एवढ्या मुलखात काही उठून दिसत असेल तर ते चुन्याचं कडं.

यापुढचं पान आईला वाचून दाखवू नका. माझ्या खोलीतला राधाकृष्ण मंगळवारी गेला. सूर मारताना त्याची नजर चुन्याच्या कड्यावर खिळली आणि विमान वर ओढायचं राहून गेलं. असं होतं म्हणतात, माणूस लक्ष्याकडे बघत राहतो आणि जमीन विसरतो. तेव्हापासून मी फार लवकर वर ओढतो. फिल्ममध्ये ते लपत नाही. साहेबांनी दोनदा ताकीद दिली आहे, तिसऱ्यांदा नाव कमी करून घरी पाठवतील. वहिनी, मला भीती वाटते. दादाला हे लिहिता येत नाही, म्हणून तुम्हाला लिहिलं.

दादाला नमस्कार. माझ्यावरची माया पातळ होऊ देऊ नका.

आपला,
रंगनाथ


॥ श्री ॥
काष्टी, ता. श्रीगोंदा,
१ नोव्हेंबर १९७१

चि. रंगनाथभाऊजींस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र वाचून दोन दिवस जेवण गेलं नाही. राधाकृष्णच्या आईचा विचार सारखा मनात येतो. तुमच्या दादांना मी अजून काही बोलले नाही.

आत्याबाईंना, म्हणजे तुमच्या मातोश्रींना, शेवटचं पान वाचलं नाही. पण त्यांना अक्षर येत नसलं तरी पानं मोजता येतात. हातात चार आणि वाचली तीन, म्हणून त्यांनी मला धरलं. मला काही सुचेना, मी सांगितलं की भाऊजींनी एका मुलीविषयी लिहिलंय, ते फक्त माझ्यासाठी आहे. आता रोज विचारतात, कुनाची हाय, काय शिकलीय, भाकरी येती का. हे लफडं तुमच्यामुळे झालं, तुम्हीच निस्तरा.

बाजरीची सोंगणी उरकली. वस्तीवर खळं केलं, जमीन चोपली, शेणानं सारवली, मधे मेढीचा खांब रोवला. आणि आत्याबाईंनी तुमचं चुन्याचं वाक्य बरोबर पकडलं. त्यांनी तुमच्या दादांना दौंडाहून दोन पोती चुना आणायला लावला आणि खळ्याभोवती हे एवढं मोठं कडं आखून घेतलं. त्यांचं म्हणणं, पोराला वरनं दुसरं काय बी दिसत न्हाई, तर आपन त्याला दिसंल असं करू. तुमचे दादा आधी हसले, मग स्वतःच टोपली घेऊन लागले. रोज सकाळी गोठ्यातलं उरकलं की आत्याबाई मेढीला धरून उभ्या राहतात आणि आभाळाकडे बघतात.

मला हे काही बरं वाटत नाही. का, ते सांगता येत नाही. तुम्ही ताबडतोब कळवा, म्हणजे मी तुमच्या नावावर पुसून टाकते.

अंगाला जपा. आमची आठवण ठेवून राहा.

तुमची,
शोभावहिनी


॥ श्री ॥
मुक्काम तळावर,
३ नोव्हेंबर १९७१

ती. सौ. वहिनींस,
शि. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र अजून आलं नाही, पण आज लिहिल्यावाचून राहवत नाही. उद्या सकाळी भीमेचा मार्ग, एकट्यानं.

काल राधाकृष्णचे वडील त्याची ट्रंक न्यायला आले होते. शाळामास्तर आहेत. त्यांनी प्रत्येक सदरा पुन्हा घडी घालून ठेवला आणि मला विचारलं की त्याला कधी भीती वाटायची का. मी नाही म्हणालो. खरं म्हणजे आम्ही दोघं त्याशिवाय दुसरं काही बोलत नव्हतो.

उद्या मी ठरवलं आहे. कडं दिसलं की नजर हलवायची नाही आणि पूर्ण मोजून झाल्याशिवाय वर ओढायचं नाही. लवकर ओढलं तर नाव जातं, उशीर झाला तर जीव जातो. मधे अर्धा सेकंद आहे, तेवढ्यात मला बसायचं आहे. हेही पान आईसाठी नाही.

देवापाशी माझं नाव घ्या आणि ममता राहू द्या.

आपला,
रंगनाथ


॥ श्री ॥
काष्टी,
७ नोव्हेंबर १९७१

चि. रंगनाथभाऊजींस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

आत्याबाई शेजारी बसल्या आहेत. त्या सांगतात तसंच्या तसं आधी लिहिते.

बाबा रंगनाथा, तू आलास. बेस्तरवारी सकाळी मी मेढीला धरून हुते. आधी काय बी ऐकू आलं न्हाई, मग एकदम आभाळ फाटल्यावानी झालं. तू नीट माज्याकडंच आलास. मी दोनी हात वर केलं. बैलं दावी तोडून पळाली, कनसं उडाली, माजा पदर कुठल्या कुठं गेला, पन मी हलले न्हाई. तुजं टोपडं बी दिसलं मला. लई दिसानं जीव थंड झाला. काल शनिवारच्या बाजारात समद्यास्नी सांगितलं, माजा ल्योक मला भेटून गेला. मी उगाच भीत हुते. आता भीत न्हाई. फिरून येशील तवा जरा दमानं ये, बैलं बुजत्यात.

त्यांचं संपलं. त्या आता बैलांना पाणी दाखवायला गेल्या आहेत, आणि हे मी माझं लिहिते.

भाऊजी, मी गोठ्याच्या दारात होते. विमान लिंबाच्या शेंड्याखाली आलं होतं. आई दिसलेला मुलगा असा येत नाही. तुम्ही आईकडे आला नव्हता, तुम्ही कड्याकडे आला होता. ते वर गेल्यावर मी आत्याबाईंना हात लावून बघितलं, त्या उभ्या आहेत का ते. तेव्हापासून माझ्या हातून भांडी पडतात.

ते तुम्हीच होतात का, एका ओळीत कळवा. आशीर्वाद आहेतच.

तुमची,
शोभावहिनी


॥ श्री ॥
मुक्काम तळावर,
८ नोव्हेंबर १९७१

ती. सौ. वहिनींस,
शि. सा. न. वि. वि.

हे पत्र तळावरच्या पेटीत न टाकता गावात जाऊन टाकतो आहे.

तुमचं एक तारखेचं पत्र मला पाचला मिळालं, म्हणजे एक दिवस उशिरा. ते वाचलं, तरीही मनात होतं की आपण उडवलं ते माळावरचंच कडं. सहाला फिल्म दाखवली. कडं मोठं होत गेलं. मधे एक खांब दिसला. माळावरच्या कड्यात खांब नाही. मग खांबाशेजारी काहीतरी हललं आणि दोन हात वर झाले. साहेबांनी फिल्म तिथेच थांबवली. नेमाचा ठिपका बरोबर तिच्या पदरावर होता. डाव्या पायावर भार न देता उभी राहिलेली बाई मी कुठेही ओळखेन.

पुलापाशी मी दहा सेकंद उशिरा वळलो होतो, एवढीच चूक. त्यानंतर घड्याळही पाहिलं नाही, फक्त कडं पाहिलं. माणूस दिसलंच नाही. मोजणी झाली, मी चाळीस फुटांवरून वर ओढलं होतं. आणखी अर्धा सेकंद, आणि आई, मी, खळं, काहीच उरलं नसतं.

साहेबांनी सगळ्यांसमोर विचारलं, ही बाई कोण. मी म्हणालो, माहीत नाही.

वहिनी, माझ्या तोंडून तेच बाहेर पडलं. गेल्या वर्षी एकानं हौसेनं स्वतःच्या घरावर विमान नेलं, त्याला त्याच आठवड्यात घरी पाठवलं. मी मुद्दाम गेलो नाही यावर कोण विश्वास ठेवील? माझ्या कागदांवर पत्ता कोपरगावच्या मामांचा आहे, म्हणून अजून कुणाला कळलेलं नाही. साहेब म्हणाले की लक्ष्य चुकलं पण नेम पक्का, भीती गेली. मला पास केलं आहे. बावीस तारखेला सरहद्दीवर रवानगी. लढाई होणार हे इथे सगळे धरून चालले आहेत.

फक्त एक अधिकारी चौकशीला येईल, कुणाला इजा झाली का आणि ते कडं कुणी काढलं हे बघायला. त्यानं विचारलं तर आईनं एवढंच म्हणावं, विमान कुणाचं ते ठाऊक नाही. तिनं माझं नाव घेतलं तर मला त्याच दिवशी घरी पाठवतील. भीती मला आजही आहे, पण असा घरी आलो तर राधाकृष्णच्या वडिलांना आणि माझ्या आईला तोंड कसं दाखवू? चुना धुऊन टाका. आणि हे पत्र तिला सबंध वाचून दाखवा, या वेळी एकही ओळ गाळू नका.

तुमच्याच भरवशावर आहे. पाठीशी असा.

आपला,
रंगनाथ


॥ श्री ॥
काष्टी,
१६ नोव्हेंबर १९७१

चि. रंगनाथभाऊजींस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुमचं पत्र शुक्रवारी आलं. मी ते आत्याबाईंना वाचून दाखवलं नाही. आधी दोनदा तुमच्या सांगण्यावरून गाळलं होतं, या वेळी माझ्या मनानं. पिठाच्या डब्यात लपवलं आणि टपाल आलं नाही म्हणून सांगितलं. चुनाही तसाच राहू दिला.

का, ते स्पष्ट लिहिते. आत्याबाई सगळ्या बाजाराला सांगून बसल्या होत्या, त्या साहेबालाही अभिमानानं तुमचं नाव सांगणार, मग तुम्ही घरी येणार. चार दिवस रुसाल, वर्षभर माझ्याशी बोलणार नाही, पण आमच्या डोळ्यांसमोर असाल. लढाईत गेलेल्या दिराच्या अब्रूपेक्षा घरात रागावून बसलेला दीर मला बरा वाटला. तीन दिवस मी देवाजवळ हेच मागत होते, की तो साहेब लवकर यावा.

काल दुपारी जीप आली. बरोबर कारभारी पाटील होते. साहेब वयानं लहान, बोलायला अदबशीर. त्यांनी कड्याला पावलं मोजून फेरी मारली, आत्याबाईंना कुठे लागलं का म्हणून विचारलं. मग वही उघडली आणि विचारलं, विमानात कोण होतं ठाऊक आहे का. मी दारात उभी होते. चौकट घट्ट धरली होती.

आत्याबाईंनी त्यांच्या टोपीकडे बघितलं, वहीकडे बघितलं, आणि म्हणाल्या की मला म्हातारीला काय म्हाईत, इमान कुनाचं ते. पोरगा एकच हाय, त्यो औताला गेलाय. चुना म्हणे मुंग्यांसाठी टाकला, धान्याला लागतात. कारभारी पाटलांनी बाजारात सगळं ऐकलेलं होतं. ते खाली मान घालून म्हणाले, व्हय, हिकडं मुंग्या लई. साहेबांनी लिहून घेतलं, पाणी प्याले आणि गेले.

मला ते सहन झालं नाही. जीपची धूळ खाली बसायच्या आत मी डबा उघडला, पत्र काढलं आणि पहिल्या अक्षरापासून शेवटपर्यंत वाचलं. आत्याबाई म्हणाल्या की मला वाटलं ह्ये लोक त्याला बेड्या घालाय आल्यात, म्हनून मी त्याला नाकारला. घरी पाठवण्याचं वाक्य पुन्हा वाचायला लावलं. मी वाचलं. खरंच पाठवला असता का, असं विचारलं. मी हो म्हणाले.

तेव्हा त्या म्हणाल्या, पोरी, तू ह्ये आदी वाचलं असतंस तर मी त्याचं नाव सांगितलं असतं.

मला त्या रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. आज पहाटे तुमच्या दादांना दौंडाला पाठवलं, जीप कुठली ते शोधायला. ते आत्ताच हात हलवत परत आले. आत्याबाईंचं म्हणणं, साहेबाचं नाव आणि ठिकाण तुम्ही तारेनं कळवावं, त्या जाऊन खरं काय ते सांगतील. त्यांनी धुवट लुगडं नेसलं आहे आणि भाकऱ्यांचं गाठोडं बांधून ओट्यावर ठेवलं आहे. हे पत्र तुम्हाला वीस तारखेला मिळेल. बावीसला तुम्ही निघणार. मधे दोन दिवस आहेत.

तुम्ही कळवणार नाही, हे मला ठाऊक आहे. मग तुमचं जे पत्र येईल त्यात काय वाचून दाखवू, तेवढं नीट लिहा. आता एकही ओळ गाळायची नाही, असं त्यांनी मला पायाशी बसवून कबूल करून घेतलं आहे.

क्षमा मागत नाही. मायेतून काढून टाकू नका एवढंच मागते.

तुमची,
शोभावहिनी