श्वास थांबतो म्हणे

४ फेब्रुवारी
श्वास थांबतो म्हणे! झोपेत, पुन्हा पुन्हा. डॉक्टरीणबाईंनी माझ्या झोपेचा आलेख समोर धरला आणि सुनावलं, "मेंदू सारखा दचकून जागा होतो. दिवसा ऐकलेलं रात्री मुरायला हवं, ते मुरतच नाही. म्हणून विसरता." उपाय काय, तर तोंडावर मास्क बांधून यंत्राची हवा ओढत झोपायचं. माझ्या तोंडावर पट्टा! युनियनच्या लढ्यांत इतक्या मालकांना जे जमलं नाही ते ही बाई करणार?

५ फेब्रुवारी
यंत्र घरात आलंच. नवऱ्याने परस्पर आणलं.
"तू घोरतेस त्याचं काही नाही गं. मध्येच घोरायची थांबतेस ना, तेव्हा माझा जीव वर-खाली होतो."
"पुरुष घोरला की दमला बिचारा, बाई घोरली की आजार?"
"भाषण नको. मास्क लाव."
नाही लावला!

९ फेब्रुवारी
लॉन्ड्रीच्या फाटकावर सभा. तिथल्या बायका मळक्या चादरींच्या ढिगाआड बाळं निजवून इस्त्रीला उभ्या राहतात. या करारात पाळणाघर मिळवायचंच. मी अगदी रंगात आले होते — "आम्हाला हवंय..." आणि पुढे कोरं. शब्दच नाही! हात वर करून तशीच थांबले. समोरून गर्जना — "पाळणाघर!" टाळ्याच टाळ्या.
खाली उतरले तर युनियनचा चिटणीस म्हणतो, "ताई, काय थांबलात! अंगावर काटा आला."
मी नुसती हसले. सांगते कशाला?

१२ फेब्रुवारी
"वाटाघाटीला निदान मुद्दे लिहून ने" — नवऱ्याचं टुमणं. आयुष्यभर हातात कागद न धरता बोलले मी! ज्याला आपलं म्हणणं तोंडपाठ नाही, त्याने दुसऱ्यांसाठी भांडायला उभं राहू नये. ग्रंथच्या ग्रंथ डोक्यात आहेत, चार मागण्या राहणार नाहीत?

१३ फेब्रुवारी
दुपारी नवं पुस्तक उघडलं. अर्ध्यापर्यंत समासात पेन्सिलीच्या खुणा — माझ्याच. असो! उन्हाने होतं असं.

१५ फेब्रुवारी
जिंकलो! मॅनेजरची बोलती बंद. तो आकडे काढत होता, मी एकेक आकडा परत त्याच्याच गळ्यात घालत होते. पगारवाढ, हातमोजे, भरपगारी रजा — सगळं पदरात. सह्या झाल्या. फाटकावर बायकांनी मला उचलूनच घेतलं. बोलवा आता त्या डॉक्टरीणबाईंना!

१६ फेब्रुवारी
सकाळी इस्त्रीवाल्या चौघी दारात. चिटणीसही सोबत.
"ताई, पाळणाघराचं काय म्हणाले?"
"नाही म्हणाले. मी खणखणीत मांडलं, त्यांनी उडवून लावलं." डोळ्यांसमोर दिसत होतं मला — त्याचं मान हलवणंसुद्धा.
चिटणीस खाली बघत म्हणाला, "ताई, तो विषय निघालाच नाही. काल बोलता बोलता तुम्ही मध्ये थांबलात ना... मला वाटलं, शेवटासाठी राखून ठेवलाय."
कोणी आवाज चढवला नाही.
करार तीन वर्षांचा. तोवर ही बाळं शाळेत जायला लागतील.