मानाची खुर्ची

प्रिय मार्लिस,

पाकिटावरचं अक्षर ओळखून हे फाडणार होतीस ना? फाड, पण वाचून. माझं रडगाणं यात नाही. टायरच्या दुकानात काम करतो आणि अजूनही कुणी ‘हौगन’ हे तुमचं आडनाव घेतलं की हातातला पाना खाली ठेवतो, एवढं सांगून पुढे जातो.

हे पत्र तुझ्या बाबांबद्दल आहे. तू त्यांच्याशी बोलत नाहीस, आणि का ते मला ठाऊक आहे. या माणसाने जन्मभर आपल्या कॉलेजच्या खेळांच्या बातम्या लिहिल्या. कुस्तीत हरलेल्या पोराचंही नाव त्याच्या गावच्या पेपरात यावं म्हणून संपादकांशी भांडले. आणि तू बास्केटबॉल खेळायला लागलीस, तर तुझ्यासाठी एक टाळी नाही! पत्रकारांच्या बाकावर टाळी वाजवायची नसते म्हणे. तू शेवटच्या क्षणी सामना जिंकून दिलास तेव्हा सगळं सभागृह उभं होतं आणि हे मान खाली घालून आकडे मांडत होते. शेजारी मी, विद्यार्थी वार्ताहर, टेबलावर चढून ओरडलो. बाबा खेकसले, “उतर खाली, गाढवा! ओरडायचं तर तिकीट काढून तिकडे बस.” मी म्हटलं, “पोटची पोर आहे तुमची, माणूस आहात की दगड?” गळ्यातला पास त्यांच्या अंगावर फेकला आणि त्याच तिरीमिरीत कॉलेजही सोडलं. वाटलं, तू खूश होशील. तू म्हणालीस, “एक हट्टी कमी होता, त्यात हा दुसरा!” आणि डकोटाला निघून गेलीस.

बाबा आता निवृत्त झालेत. डोळ्यांमुळे गाडी चालवता येत नाही, ती विकायची म्हणून टायर बदलायला आले. “काय रे, अजून टेबलांवर चढतोस?” म्हटलं, “नाही, आता गाड्यांखाली शिरतो.” हसले. तेव्हापासून त्यांना सामन्यांना मीच नेतो. आता आम्ही तिकीट काढून बसतो, तरी त्यांचे हात मांडीवरच. परवा आपल्या पोरींनी सुंदर बास्केट केला, यांचे तळवे उचलले गेले आणि पुन्हा खाली आले. मी चिडलो, “वाजवा की! आता कोण पास काढून घेणारे?” माझ्याकडे न बघता म्हणाले, “पहिली टाळी भलत्याच कुणासाठी जायला नको.”

मार्लिस, शनिवारी तू शिकवतेस त्या संघाचा सामना बघायला आम्ही तिकडे येतोय. तुला सांगायचं नाही असं मला बजावलंय. पण तुमच्या संघाच्या कचेरीला कुठून तरी कळलं, आणि त्यांनी ज्येष्ठ पत्रकार म्हणून पत्रकारांच्या बाकावर मधली खुर्ची बाबांसाठी राखून ठेवलीय. दिलेला मान ते मोडणार नाहीत, टाय इस्त्री करून ठेवलाय. आणि त्या खुर्चीत बसले की पुन्हा दगड होतील. तेवढी खुर्ची रद्द कर. तुझ्या खेळाडूंच्या मागच्या रांगेत त्यांना एक जागा दे. मला नको, मी बाहेर गाडीत बसेन. आवाज तिथवर येईलच.

नको म्हणालीस तरी तुझाच,
कर्ट