घोडीचा जुना ट्रेलर

सोमवार, ४ मे, संध्याकाळ

वरातीच्या घोडीसाठी सोनईहून जुना ट्रेलर आणला. चाकं बघितली, फळ्या ठोकून बघितल्या, घोडीला विचारायचं तेवढं राहिलं. राणी काही केल्या आत चढेना. ओढलं, गूळ दाखवला. उद्या जामखेडची वरात, आणि माझ्या तोंडाला फेस आलेला. माझी बायको मंगल ओट्यावरून बघत होती. "वाजवल्याबिगर तिनं पाऊल टाकलंय व्हय कधी?" म्हणाली आणि तेलाचा रिकामा डबा बडवत आली. राणी नाचतच वर चढली. एवढं मला कसं सुचलं नाही?

पण तिकडून निघताना डबा कोण वाजवणार? मंगल म्हणाली, "मी येते की." लग्नाला वीस वर्षं झाली, माझ्याबरोबर वरातीला ती पहिल्यांदाच निघालीय. डबासुद्धा घासून ठेवलाय.