मिशन धुराडं

२ डिसेंबर, सकाळी ०५३०
आजपासून रोजनिशी. फौजेत असताना वेळ नव्हता आणि रिटायर झाल्यावर सहा वर्षं मूड नव्हता. आता विषय मिळाला.

काल संयोगिताला पलूसला छातीच्या डॉक्टरकडे नेलं. दिवाळीपासून बायको खोकतेय. डॉक्टरनं एक्स-रे उजेडाकडे धरला आणि विचारलं, मावशी, विडी किती वर्षं ओढताय? बाईमाणसाला असं विचारतात का? मी आवाज चढवला. तेव्हा म्हणाला, विडी नसेल तर चुलीचा धूर आहे. तो बंद करा, नाहीतर वर्षभरात घरी ऑक्सिजनचा सिलिंडर आणावा लागेल.

घरात गॅस आहे, चहापुरता. भाकरी चुलीवरच होते, कारण संयोगिताला चुलीची हौस. (मी २००१ साली एकदाच गॅसवरच्या भाकरीला पुठ्ठा म्हणालो होतो आणि ताट सरकवलं होतं. हौस तेव्हापासूनची.)

संध्याकाळी पुण्याहून शिवांजलीचा फोन. म्हणाली, पप्पा, मी भोगीला येतेय. स्वयंपाकघरात धूर दिसला तर मम्मीला घेऊन जाणार, आणि परत कधी पाठवायचं ते मी ठरवणार. पोरीच्या बोलण्यात नुसती ऑर्डर. ही सवय तिला कुणी लावली, देव जाणे.

निर्णय: लोखंडी बंद चूल, फौजेतल्या बुखारीसारखी. वर धुराडं. धूर आभाळात, भाकरी ताटात, संयोगिता घरात. लेहला दोन हिवाळे काढलेत मी. बुखारीतलं मला कुणी शिकवू नये.

५ डिसेंबर
रेकी केली. स्वयंपाकघर म्हणजे बंगल्यामागची पत्र्याची खोली. टेपनं मोजली, तीन रंगांत नकाशा काढला. पाईप सरळ वर नेता येत नाही, कारण बरोबर तिथंच पत्र्यावर टीव्हीची डिश आहे. म्हणून पाईप आधी डावीकडे, मग खिडकीवरून आडवा, मग उजवीकडे आणि मग वर. संयोगितानं विचारलं, धूर एवढी वळणं घेईल का? मी म्हणालो, खंबाटकी घाटात एवढाले ट्रक घेतात, धुराला काय धाड भरली? ती खोकायला लागली. म्हणजे पटलं.

९ डिसेंबर
नाथाजीचं वेल्डिंगचं दुकान. चूल झकास बनवलीय, मागं सहा इंची तोंड. नाथाजी म्हणाला, आवं सुभेदार, पाईप बी सहाचाच घ्या, सरळ वर काडा, आन पत्र्याच्या वर तीन फूट जाऊ द्या. वेल्डिंगवाला आता नायब सुभेदाराला इंजिनिअरिंग शिकवणार!

माझ्याकडे गच्चीच्या पाण्याचा चार इंची पत्र्याचा पाईप पडून आहे. सहाच्या तोंडाला तोच जोडायचा. नळीचं तोंड दाबलं की पाणी लांब उडतं, तसा धूरही जोरात जाणार. हे नाथाजीला समजावून सांगितलं. तो चष्मा चढवून परत वेल्डिंगला लागला. बिचारा शाळा शिकलेला नाही.

१६ डिसेंबर
काम बंद. तीन लग्नं, एक साखरपुडा, त्यात उसाला तोड आली. एक माणूस कुठं कुठं पुरणार? संयोगिता जुन्या चुलीवरच स्वयंपाक करतेय. तिच्या खोकल्यानं मला पहाटे चारपासून जाग. माझ्या झोपेचं या घरात कुणाला काही नाही.

२१ डिसेंबर
रंगुबाई आली होती. ही कवठे महांकाळकडची म्हातारी. चाळीस वर्षांपूर्वी नवऱ्याबरोबर इकडं आली आणि तेव्हापासून आमच्या शेजारच्या गुऱ्हाळावर चुलवाणाला जाळ घालते. गूळ दुसऱ्याचा, जाळ हिचा. नकाशा बघून म्हणाली, ह्यो धूर हाय का गांडूळ? मी हसलो नाही.

मग म्हणाली, लेका, पेटवायच्या आदी उदबत्ती धर चुलीच्या तोंडाला. धूर आत वडला तर पेटव, भाईर आला तर हात लावू नगंस. आन खिडकी उगडी ठेव. जाळाला बी दम लागतो, तुज्या बायकूगत.

अडाणी समजुती. तरी मोठ्या मनानं ऐकून घेतलं.

२९ डिसेंबर
पाईप बसवला. एकट्यानं. (नाथाजीनं शिडी धरली, पाईप धरला आणि स्क्रू मारले.) जोडाजवळ एक खुबी आहे, ती इथं लिहून ठेवतो. पावसाच्या पाईपचं निमुळतं टोक खालच्या पाईपात जातं, कारण पाणी खाली येतं. धूर वर जातो, म्हणून मी सगळे जोड उलटे बसवले. नाथाजी म्हणाला, धुराचं डांबर खाली उतरतं, ते भाईर गळंल. मी म्हणालो, डांबर रस्त्यावर असतं. तो चहा न घेताच गेला.

३ जानेवारी
पत्र्याला भोक जरा मोठं पडलं. पाईप चार इंची, भोक अकरा इंची. नाथाजी पत्र्याचा गळपट्टा बनवून देतो म्हणाला, पण चार दिवस लागतील. एवढं थांबायला मी काय सरकारी ऑफिस आहे? कडब्यावर माझा सेवापूर्ती सोहळ्याचा फ्लेक्स टाकलेला होता. दहा बाय सहा, कापड जाड, सहा पावसाळ्यांत रंग उडालेला नाही. गाव सगळं जुना फ्लेक्सच वापरतं: गोठ्याला, कणगीला, मोटारीला. त्यातला माझ्या चेहऱ्याचा भाग कापून पाईपला गुंडाळला आणि भोक बुजवलं. खालून बघितलं तर मी युनिफॉर्ममध्ये थेट चुलीकडे बघतोय. देखरेख आपोआप.

पाईप पत्र्यावर एकच फूट काढला. तीन फूट काढला तर रस्त्यावरून बंगला गुऱ्हाळासारखा दिसेल.

५ जानेवारी
उदबत्तीची टेस्ट घेतली, कारण संयोगितानं देवाची शपथ घातली. धूर आत न जाता सरळ माझ्या तोंडावर आला. शुभशकुन! देवाचा प्रसाद आधी कर्त्या माणसालाच मिळतो. संयोगिता पदरानं नाक झाकून बाहेर गेली.

खिडकीला पुठ्ठा ठोकला. बाहेरचा वारा आत आला तर आतला धूर गोंधळेल.

१० जानेवारी
भोगीला उद्घाटन. स्टेटस ठेवलं: ‘धूरमुक्त स्वयंपाकघर, सांगली जिल्ह्यात बहुधा पहिलेच.’ बावीस माणसं जेवायला सांगितली. संयोगिता म्हणाली, आधी एकदा पेटवून तरी बघू या. फौजेत आम्ही रिहर्सल करत नाही. (करतो. पण तो विषय वेगळा.)

१३ जानेवारी, भोगी, संध्याकाळी १९००
रिपोर्ट.

सकाळी ११०० ला नारळ फोडला. लाकूड ओली बाभूळ, कारण वाळलेलं सरपण मी पाहुण्यांसाठी शेकोटीला राखून ठेवलं होतं. पहिली पाच मिनिटं नंबर एक. टाळ्या वाजल्या. संयोगितानं तीळ लावून पहिली बाजरीची भाकरी टाकली.

सहाव्या मिनिटाला जोडांतून काळं पाणी गळायला लागलं, थेट भोगीच्या भाजीत. मी म्हणालो, थोडं गळणारच, नवीन आहे. मग धूर मागं फिरला. चुलीच्या तोंडातून, जोडांतून, सगळीकडून. खिडकीचा पुठ्ठा मी चांगला ठोकला होता, बारा खिळ्यांनी, तो कुणाला निघेना. तेवढ्यात वर फ्लेक्सनं पेट घेतला. आधी माझ्या मिशा गेल्या, मग टोपी, मग वितळलेला मी थेंबाथेंबानं भाकरीवर पडायला लागलो. मागून कुणीतरी म्हणालं, सुभेदार शहीद झालं गड्या.

रंगुबाई आत घुसली. लाथेनं मागचं दार पाडलं, संयोगिताला दंडाला धरून ओढत बाहेर आणलं, मग ओलं पोतं घेऊन परत आत गेली. नाथाजीनं वर चढून पाईप उपटला. मी त्या वेळेस काय करत होतो ते आठवत नाही. माझ्या हातात नारळाची वाटी होती, एवढं आठवतं.

संयोगिता अंगणात बसली होती. ओठ निळे. श्वास घ्यायला बघत होती आणि येत नव्हता. एकतीस वर्षं संसार झाला, पण तिला असं मी कधी बघितलं नव्हतं. मी लय भ्यालो. हे लिहायला नको होतं, पण लिहिलं.

तेवढ्यात शिवांजलीची गाडी आली. भांडली असती तर बरं झालं असतं. तिनं सरळ आईला पलूसला नेलं, ऑक्सिजन लावला, आणि चार वाजता तिथूनच दोघी पुण्याला. अंगणातून गाडी निघताना संयोगिता काचेतून मला काहीतरी सांगत होती. खोकल्यात ऐकू आलं नाही.

एकूण मिशन पंच्याण्णव टक्के यशस्वी. फक्त धुराचा भाग राहिला.

१५ जानेवारी
फोन आला. संयोगिता बरी आहे. काचेतून काय सांगत होतीस म्हणून विचारलं. म्हणाली, तुमची बीपीची गोळी फ्रिजवर ठेवलीय.

गोळी तिथंच होती. संक्रांत होऊन गेली, तीळगूळ डब्यात तसाच आहे. घर खायला उठतंय. खोकल्याचा आवाज नाही तर झोप येत नाही, असं कुणाला सांगितलं तर वेड्यात काढतील.

१८ जानेवारी
माझ्या देखरेखीखाली धुराडं नव्यानं बसवलं. मी खुर्ची टाकून बसलो होतो. नाथाजीनं डिश चार फूट सरकवली, पाच मिनिटं लागली. सहा इंची पाईप, एकही वळण नाही. प्रत्येक जोडाचं निमुळतं टोक खाली, म्हणजे डांबर गळलं तरी चुलीतच. पत्र्याजवळ लोखंडी गळपट्टा, चारी बाजूंनी मोकळी जागा. वर तीन फूट, डोक्यावर टोपी. खिडकीचा पुठ्ठा रंगुबाईनं काढला आणि माझ्या मांडीवर ठेवला. सगळं दुपारच्या जेवणाआधी उरकलं.

मग तिनं उदबत्ती लावून चुलीच्या तोंडाला धरली. धूर झुकला आणि गुमान आत गेला. वाळलेलं सरपण घातलं, पेटवलं. बाहेर जाऊन बघितलं तर वर पातळ रेघ, आत काही नाही. रंगुबाई म्हणाली, आता बोलीव तिला. खोलीत धूर नव्हता, तरी माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

२२ जानेवारी
संयोगिताला व्हिडिओ कॉल करून धुराडं दाखवलं. मी म्हणालो, आता ये, तुझी हौस पूर्ण झाली. ती म्हणाली, झ्याक झालंय. आता आठ दिवस तुमीच त्या चुलीवर भाकरी करून खावा. मग बघू. मागं शिवांजली हसत होती, स्पीकर चालू होता.

मान्य! फौजी माणसाला भाकरी म्हणजे काय अवघड?

२३ जानेवारी
चूल पेटायला पन्नास मिनिटं. गुडघे गेले. लेहला बुखारी माझ्या हाताखालचा जवान बिराप्पा पेटवायचा, मी शेकायचो. हे आजपर्यंत लिहायची वेळ आली नव्हती. भाकरी तव्यापर्यंत पोचली नाही, हातातच फाटली. बिस्किटं खाल्ली.

२५ जानेवारी
सरपण फोडलं, राख काढली, पीठ मळलं, पेटवलं, भाजलं, घासलं. दिवस संपला. हे ती दोन वेळा करायची, आणि मधे खोकायची. मी ओसरीवरून ओरडायचो, भाकरी गरम आण गं.

भाकरी एका बाजूनं कोळसा, दुसऱ्या बाजूनं पीठ. खाल्ली. ताट कुणाकडे सरकवणार?

२८ जानेवारी, सकाळी ०७१५
बोटाला चटका. सरपण संपलं. भूक लागली होती आणि गॅस समोर होता. एका भाकरीपुरता लावला. फक्त प्रयोग म्हणून.

फुगली.

मिरचीच्या ठेच्याबरोबर दोन खाल्ल्या. मग तिसरी. पुठ्ठा लागत नाही. २००१ साली बहुधा पीठ खराब असावं.

३० जानेवारी
आठ दिवस भरले. फोनवर संयोगितानं विचारलं, भाकरी कशी होते चुलीवर? खोटं बोलायचं ठरवलं होतं, जमलं नाही. म्हणालो, तीन दिवस झाले, गॅसवर करतोय. बरी लागते.

पलीकडून नुसती खरखर आली. मला वाटलं रेंज गेली. मग ती हसायला लागली. आधी हळू, मग मोठ्यानं. चोवीस वर्षांचं साठलेलं असावं. एवढं हसली आणि मधे एकदासुद्धा खोकली नाही. मी कान लावून ऐकत होतो.

नोंद: धुराड्याचा गुण पुण्यापर्यंत पोचला.

म्हणाली, रविवारी येते, त्या चुलीवर मला अंघोळीचं पाणी तापवून ठेवा. भाकरीचं कोण बघणार, ते मी विचारलं नाही आणि तीही बोलली नाही. फोन ठेवला आणि गॅस बुक केला.