साहेबांनी सुटी दिली नाही

बाबा, तुम्हाला जाऊन नऊ वर्षं झाली आणि आई अजून माझ्या त्या साहेबांना शिव्या घालते. आज आपल्या सौसर गावातल्या घरी पोळ्या लाटता लाटता पुन्हा सुरू झाली, "बाप मरून राहिला होता, अन् त्या मेल्यानं पोरीले सुटी देली नाही." मी तव्यावरच्या पोळ्या उलटवत राहिले. म्हणून आता तुम्हालाच लिहून राहिली.

दारूगोळ्याच्या डेपोच्या गेटावर तुम्ही तीस वर्षं बंदूक घेऊन उभे राहिलात. मी पोलिसात भरती झाल्यावर नवी वर्दी दाखवायला थेट तिथंच आले होते, आईनं दिलेला डबा घेऊन. वाटलं, बाप छाती फुगवून सगळ्यांना दाखवेल. तुम्ही म्हणालात, "मॅडम, कार्ड." कार्ड घरी राहिलं होतं. झालं, तीन तास उन्हात बाहेरच्या बाकावर बसवलंत मला, आणि तुमच्या जोडीचा शिपाई तोंड फिरवून हसत होता. असा संताप आला की डबा तिथंच टाकून निघावं. मग तुमच्या जागी दुसरा शिपाई आला, तुम्ही बंदूक जमा केलीत आणि माझ्याजवळ येऊन बसलात. "वर्दी तं कोनीबी शिवून घेते, माय," एवढंच बोललात. माझी टोपी मात्र कितीतरी वेळ हातात धरून पाहत होतात. मोठ्या साहेबांच्या खिशातली माचिसही तुम्ही तितक्याच अदबीनं काढून घ्यायचात. रिटायर झाल्यावर एकदा त्याच गेटावर गेलात, तेव्हा कोणी न सांगता स्वतःचे खिसे उलटे करून दाखवलेत. असा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

तुम्हाला पांढुर्ण्याच्या दवाखान्यात ठेवलं तेव्हा मीही अशाच एका डेपोच्या गेटावर होते. सकाळी दहाला गार्डरूममध्ये भावाचा फोन आला, "ताई, लवकर ये, काही खरं नाही." साहेब म्हणाले, "लगेच निघा, मी गाडी देतो." माझ्या जागी उभं राहायला दुसरी शिपाई तयारच होती. मी म्हटलं, ड्यूटी पूर्ण करूनच जाते. दोन वाजेपर्यंत उभी राहिले. पोचले तेव्हा तुम्ही गेला होतात. आईनं विचारलं, "एवढा उशीर काहून केला वं?" तोंडातून निघून गेलं, "साहेबांनी सुटी दिली नाही."

बाबांनी हेच केलं असतं, असं मी स्वतःला सांगत आले. खोटं आहे ते. तुम्ही ड्यूटीच्या आड कधी लपला नाहीत, मी लपले. नाकात नळ्या घातलेले, मला न ओळखणारे तुम्ही मला बघवले नसते. भ्याले होते मी, बाबा.

आईला सांगायला पाहिजे, कळतं मला. ती त्या भल्या माणसाला शिव्या देते आणि मी देऊ देते. हे पत्र इथं कपाटात ठेवलं तर तिच्या हाती लागेल, आणि तिला वाचायला तुम्हीच शिकवलंत. सुटी संपली की सोबतच घेऊन जाते.