वीतभर उघडलेलं दार

रविवार, १४ डिसेंबर

सुनीलने नव्या हॉलची अपंगांची पार्किंग स्वतः आखली, म्हणून आज आम्हा दोघांना गंगापूर रोडला दाखवायला नेलं. खाली निळा रंग, त्यावर चाकाच्या खुर्चीचं चित्र. पण शेजारी दुसरी गाडी, त्यामुळे ह्यांच्या बाजूचं दार वीतभरच उघडलं. खुर्ची लावायची कुठं?

"आई, गाडी बरोबर बसली ना?"

"गाडी बसली रे शहाण्या, बाप कुठून उतरवू?"

चार वर्षं बापाला खुर्चीत हाच उचलून बसवतो. तरी माप घेतलं ते गाडीचं. वीतभर दारातून काय पोस्टाचं पाकीट काढायचंय?

हे म्हणाले, "तुम्ही बघून या हॉल. मला इथंच बरं वाटतंय."

पोराची लाज राखायला बोलले. पोराला ते खरंच वाटलं, आणि गेला वर फोटो काढायला.